बुधवारची वीस मिनिटं

मानेवाडा, नागपूर
बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. श्वेता हिला सासऱ्याचा आशीर्वाद.

सासऱ्याने सुनेला पत्र लिहायची आपल्या घरात रीत नाही. तशी तर बोलायचीही नव्हती. तू या घरात आलीस त्याला तीन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत आपलं बोलणं म्हणजे "मामाजी, ताट वाढू का?" आणि "वाढ" एवढंच. एसटीच्या स्टँडवर तीस वर्षं मी माइकवर ओरडलो. सावनेरची गाडी कोणत्या फलाटावर लागली, काटोलची किती वाजता सुटणार, हे सगळ्या नागपूरला सांगितलं. घरात पाय टाकला की मात्र माइक बंद. तुझी सासू म्हणते, या माणसाने सगळे शब्द डेपोत जमा केले.

फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं, म्हणून हा कागद. सावनेरच्या गाडीवर नत्थू कंडक्टर आहे, माझ्या हाताखाली शिकलेला. तो तुझ्या बाबांच्या घरी आणून देईल.

भैरवी बरी आहे. परवाच सहा महिन्यांची झाली. आता पालथी होऊन पोटावर सरकते आणि समोर काही दिसलं की हुंकार देते. डाव्या भुवईवर तीन टाके घातले होते, ती जखम भरली. बारीक रेघ राहिली आहे, तीही पुढे दिसणार नाही असं डॉक्टर म्हणाले. वरचं दूध घेते. पहिले आठ दिवस घेत नव्हती, नुसती रडायची. हे तुला सांगावं की नाही असा विचार केला, पण लिहून बसलो.

तुझी सासू तिचं सगळं करते. गुडघे धरून उठते, पण करते. सुशील सकाळी सदरला ऑफिसात जातो, आठला येतो, पोरीला मांडीवर घेतो आणि भिंतीकडे बघत बसतो. उष्टावणाचा विषय निघाला होता. मामाच्या हातचा पहिला घास, आणि आई तिकडे सावनेरात, हे कसं करायचं ते कुणाला सुचलं नाही. विषय तसाच राहिला.

तुझ्या बाबांचा, रुपरावांचा, फोन आला होता. म्हणाले, गोळ्या घेते, दोन घास खाते, पण दिवसभर एकच घोकते, "मी माह्या पोट्टीले टाकून गेली." श्वेता, असं मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते झालं. त्या दिवशी तू आजारी होतीस. तुला तुझंच भान नव्हतं.

एक डिसेंबरला, रविवारी, दोन्हीकडची माणसं आपल्या घरी बसणार आहेत. पोरगी कुणाजवळ राहायची ते तेव्हा ठरेल. सुशील आणि त्याची आई म्हणतात, चार महिन्यांच्या लेकराला एकटं टाकून जी घराबाहेर पडली, तिच्या हाती ते लेकरू पुन्हा द्यायचं कसं? मी त्यात काही बोललो नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

थंडी सुरू झाली. गरम कपडे घालत जा.

मनोहरराव


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

चि. सौ. श्वेता,

नत्थू म्हणाला, पाकीट घेतलं पण फोडलं नाही. ठीक आहे. मी लिहितो, तू वाचावंच असं नाही.

सोमवारी मी रामदासपेठेत गेलो होतो, मनाच्या आजारांच्या दवाखान्यात, तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे. घरी सांगितलं की गुडघा दाखवायला जातो. तुझ्या सासूला आनंद झाला, कारण दहा वर्षं ती मला गुडघा दाखवा म्हणते आहे. बाहेर बाकड्यावर दोन तास बसलो. माझ्या शेजारी एक पंचवीस-सव्वीसचा पोरगा होता, कडेवर झोपलेलं बाळ, एका हाताने त्याची पाठ थोपटत होता. मला वाटलं, बायकोला घेऊन आला असेल. आतून नाव पुकारलं तेव्हा तोच उठला. त्याचाच नंबर होता. अशा ठिकाणी बापही येतात हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगून टाकलं, "तुमच्या सुनेबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही. ते तिचं आहे. तुमच्याबद्दल बोलायचं असेल तर बसा." मी बसलो. माझ्याबद्दल काय बोलायचं ते सुचेना. मग त्यांनीच विचारलं, "दुपारी घरात कोण असायचं?"

म्हटलं, मी.

"काही ऐकू यायचं?"

श्वेता, यायचं. माझा दिवाण ज्या भिंतीला लागून आहे त्याच भिंतीपलीकडे तुझा पलंग. जूनमध्ये कूलर चालायचा तेव्हा नीट कळत नव्हतं. पाऊसपाण्याचे दिवस लागले, कूलर बंद झाला, आणि सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं. सासू जेवून आडवी झाली की तू रडायचीस. पोरगी रडायची ते वेगळं आणि तू रडायचीस ते वेगळं. एकदा तू तिला म्हणालीस, "तुले दुसरी आई भेटाले पाह्यजे होती." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि मी काय केलं, तर टीव्हीचा आवाज वाढवला.

तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला बातम्यांचं वेड आहे. वेड नव्हतं. आपलं रडणं सासऱ्याने ऐकलं हे कळून तुला लाज वाटू नये म्हणून वाढवायचो. सुनेच्या खोलीच्या दाराशी सासऱ्याने थांबू नये, बाळंतिणीच्या तर अजिबात नाही, हे मला माझ्या बापाने शिकवलं. मी तुझी मर्यादा ठेवतो आहे असं समजून महिनेच्या महिने आवाज वाढवत गेलो. तुझ्या सासूला बोललो नाही, सुशीलला बोललो नाही. सुनेच्या रडण्याबद्दल सासऱ्याने तोंड उघडणं मला शोभत नाही, असं वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "हा आजार आहे, स्वभाव नाही. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो, आणि बरा होतो. औषधाइतकंच घरही लागतं." मी विचारलं, घराने काय करायचं? त्या म्हणाल्या, "रोज दोन तास बाळ कुणीतरी घ्या आणि तिला झोपू द्या. रडली तर जवळ बसा, समजूत घालू नका. आणि 'आमच्या वेळी' हे दोन शब्द घरातून काढून टाका." ते दोन शब्द तुझी सासू दिवसातून वीस वेळा म्हणायची, आणि मनातल्या मनात मीही.

तुझी आई असती तर पहिलं बाळंतपण सावनेरला झालं असतं. ती नाही म्हणून आपण इथे केलं आणि मोठं काम केल्यासारखं चारचौघांत सांगितलं. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, तेल चोळायला बाई लावली. तुला कसं वाटतं एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

हे लिहिल्यावर जरा हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

मनोहरराव


रविवार, २४ नोव्हेंबर

चि. सौ. श्वेता,

आज सुशीलबद्दल लिहितो. तो तुला लिहिणार नाही.

आठवडाभर बघतो आहे, ऑफिसातून आला की बाथरूममध्ये जातो आणि नळ मोकळा सोडतो. अर्धा-अर्धा तास. टाकी रिकामी होते म्हणून त्याची आई ओरडते. काल रात्री साडेआठला मी नळाखालचा दुसरा आवाज ऐकला. आधीचा मी असतो तर रिमोट हातात घेतला असता. या वेळी उठलो आणि दार वाजवलं.

"का झालं गा?"

"काही नाही."

"उघड."

उघडलं. कपड्यांसकट पालथ्या बादलीवर बसला होता. तीस वर्षांच्या मुलाशी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. नळ बंद केला आणि समोर उभा राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या समजूत घालू नका, म्हणून गप्प राहिलो. गप्प राहायची तर मला सवयच आहे, पण हे गप्प राहणं वेगळं होतं, कारण मी निघून गेलो नाही.

मग तोच बोलायला लागला. "बाबा, मले झोप नाही येऊन राहिली. पोट्टीनं जरासा आवाज केला की छातीत धडधडते. ऑफिसात बसलो की वाटते घरी काही झालं असंन. मले श्वेताले आणाचं हाय. रोज वाटते गाडी काढावं आन् सावनेरले जावं. पण तिनं पुन्हा पोट्टीले तशीच एकटी टाकली त? त्या दिवशी भुवईवर लागलं. पुढच्या वेळी का लागंन? मी कोणाकोणाले पाहू?"

तो तुझ्यावर राग धरून बसला आहे असं मी समजत होतो. तो रागावलेला नाही, घाबरलेला आहे. तुझ्याइतकाच तोही आजारी पडायच्या बेतात आहे, फक्त त्याला कुणी आजारी म्हणत नाही. मी म्हटलं, तूही त्या बाईंना दाखव. तर म्हणतो, "मले का झालं?" त्या बाकड्यावरच्या पोराची हकिकत सांगितली तेव्हा ऐकून घेतली.

भैरवीला मी आता उचलतो. हसू नकोस. सुशील झाला तेव्हा मी त्याला वर्षभर हातात घेतलं नव्हतं. वडिलांसमोर आपलंच लेकरू मांडीवर घेणं म्हणजे बेशरमपणा, असं तेव्हा होतं. पुढे घ्यायची मोकळीक झाली तोवर तो चालायला लागला होता. आता अडुसष्टाव्या वर्षी शिकतो आहे. मानेखाली एक हात, कमरेखाली एक. पहिल्या दिवशी तुझी सासू म्हणाली, "काचेचं भांडं धरल्यासारखं काहून धरता?" आता नीट जमतं. ती माझ्या सदऱ्याची गुंडी तोंडात घालते आणि झोपते.

सुशीलला मला एक गोष्ट सांगायची होती. तो बादलीवर बसला होता तेव्हाच सांगायला पाहिजे होती. तोंडापर्यंत आली आणि राहिली. पुढच्या रविवारी बैठक आहे.

मनोहरराव


गुरुवार, २८ नोव्हेंबर

श्वेता,

हे पत्र फोड. आधीची नाही वाचलीस तरी चालेल. नत्थूला सांगितलं आहे की ती पाकीट फोडेपर्यंत दारातून हलू नकोस, गाडीला उशीर झाला तर माझं नाव सांग.

तू पोरीला टाकून गेली नव्हतीस.

बुधवार, १८ सप्टेंबर. सासू चार घरं सोडून भजनी मंडळात गेली होती. सुशील ऑफिसात. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तू पोरीला घेऊन समोरच्या खोलीत आलीस. वेणी सुटलेली, अंगावर घरचीच साडी. तू म्हणालीस, "मामाजी, हिले धरा. मले काही समजून नाही राहिलं. डोकं फुटून राहिलं. मी त्या रामदासपेठेच्या डॉक्टरकडे जाऊन येतो."

मी काय म्हणालो ते आठवतं का तुला? मी म्हणालो, "तुझी सासू येऊ दे. पाच वाजता येते."

तू म्हणालीस, "पाच वाजेपर्यंत नाही थांबता येत, मामाजी."

मी हात पुढे केले नाहीत. तेव्हा तू पोरीला माझ्या दिवाणावर निजवलंस, कडेला उशी लावलीस, माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवलास आणि "हात काढू नका" म्हणालीस. आयुष्यात पहिल्यांदा सुनेने माझा हात धरला होता. मी इतका अवघडलो की वर बघितलंच नाही. तू गेलीस. मी बसलो.

दहा-बारा मिनिटांनी ती रडायला लागली. मला उचलता येत नव्हतं. तीन पंचविसाला मी उठलो आणि तुझ्या सासूला, शामलाला, बोलवायला गेलो. मनात म्हटलं, चार घरं तर आहेत, दोन मिनिटांत येतो.

मंडळाच्या घरी समोरची खोली बायकांनी भरलेली. दाराशी चपलांचा ढीग. एवढ्या बायकांत आत कसं जायचं? दारात उभं राहून बायकोला हाक तरी कशी मारायची? भजन चालू होतं. म्हटलं, हे संपलं की खाकरतो. ते संपलं, लगेच दुसरं सुरू झालं. मग आरती. आरतीत कोण हाक मारतो? मी फाटकाशी हात बांधून उभा होतो. घरी चार महिन्यांचं लेकरू दिवाणावर, आणि मी बाहेर आरती संपायची वाट बघत होतो. प्रसाद वाटायच्या आधी खाकरलो, शामला बाहेर आली, "पोरगी रडते" एवढंच म्हणालो. घरी पोचलो तेव्हा तीन पंचेचाळीस झाले होते. वीस मिनिटं. वेळ मी चुकीची सांगत नाही.

त्या आठवड्यात ती पालथी व्हायला शिकली होती. तुला माहीत होतं म्हणून तू उशी लावलीस आणि माझा हात ठेवलास. मला माहीत नव्हतं.

तुझी सासू माझ्या पुढे धावली. पोरगी फरशीवर होती. तिने उचललं, रक्त बघितलं आणि ओरडली, "श्वेता कुठं हाय?" मी म्हणालो, बाहेर गेली. ती म्हणाली, "लेकराले एकटी टाकून?" मी काही बोललो नाही. नंतर टाके घालताना तिने विचारलं, "तुमी कुठं होते?" मी म्हणालो, ती गेली तेव्हा वरांड्यात. तेवढं एकच खोटं बोललो. बाकीचं खोटं मी गप्प राहून बोललो.

सात वाजता तू आलीस. हातात दवाखान्याचा कागद होता. तो कुणी वाचला नाही. सगळे एकदम तुटून पडले. तू पट्टी बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "मामाजी, मी तुमच्याजवळ देल्ली होती ना पोट्टी?"

मी फरशीकडे बघितलं.

तू पुन्हा म्हणालीस, हळू, स्वतःशीच, "मले वाटलं, देल्ली होती." त्या क्षणी तुझा तुझ्यावरचा विश्वास गेला, आणि तो मी घालवला. दुसऱ्या दिवशी रुपराव येऊन तुला घेऊन गेले.

काहून असं केलं, असं तू विचारशील. माझ्या हातून लेकरू पडलं हे बायकोला सांगायची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सांगावं म्हटलं तर काल का नाही सांगितलं याला उत्तर नव्हतं. मग दिवस वाढत गेले आणि उत्तर आणखी अवघड होत गेलं. तू आजारी आहेस, तुला तसंही काही आठवत नाही, असं मी मला समजावलं. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की तुला भान नव्हतं. श्वेता, त्या दिवशी त्या घरात भान फक्त तुलाच होतं. आपल्याला झेपत नाही हे ओळखून तू लेकरू मोठ्या माणसाजवळ दिलंस आणि डॉक्टरकडे गेलीस. याहून शहाणं आईने काय करायचं असतं?

मी तुझा गुन्हेगार आहे. माफी मागण्याइतकंही तोंड मला उरलं नाही, तरी मागतो. रविवारी मी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे.

मनोहरराव


सोमवार, २ डिसेंबर

श्वेता,

सांगितलं.

रुपरावांनी तुला सगळं कळवलं असेल, तरी माझ्या बाजूने लिहितो. चहा झाला. तुझ्या सासूने विषय काढला, की पोरगी दोन वर्षांची होईपर्यंत इथे राहील आणि तसं लिहून घ्यावं. तुझे बाबा मान खाली घालून होते. त्यांनाही तेच खरं वाटत होतं, आपली मुलगी चुकली असंच धरून ते आले होते. मी उभा राहिलो. बसून सांगता आलं नसतं. तीन दहापासून तीन पंचेचाळीसपर्यंत सगळं सांगितलं, मग सात वाजताचं सांगितलं. माइकवर सांगायचो तसं, एकेक गाडी, एकेक वेळ, मध्ये कुठे थांबलो नाही.

पहिल्यांदा रुपराव बोलले. आवाज चढवला नाही. "अडीच महिने, मनोहरराव. अडीच महिने माही पोट्टी सोताले शिव्या देऊन राहिली. आन् तुमाले मालूम होतं." मी हो म्हटलं.

तुझी सासू आत गेली आणि पोरीला छातीशी धरून बसली. संध्याकाळी माझ्याशी एवढंच बोलली, "मी तिले का का नाही बोलली! समदं तुमी बोलू देल्लं." तेव्हापासून बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

मला भीती होती सुशीलची. तो उठून बाहेर गेला, फाटकाशी थोडा वेळ उभा राहिला आणि आत आला. मला वाटलं आता हात उचलेल. त्याने कपाट उघडलं, तळाशी पडलेला तुझा दवाखान्याचा कागद काढला आणि पहिल्यांदा वाचला. वर तारीख होती, आत आल्याची वेळ होती. म्हणाला, "ती दवाखान्यात गेली होती, बाबा. मी तिले एकदाही नाही विचारलं, तू कुठं गेली होती म्हणून." मग तो सगळ्यांसमोर रडला, नळ न सोडता.

काही लिहून घेतलं नाही. ठरलं ते असं. येत्या रविवारी आम्ही भैरवीला सावनेरला आणतो. सुशीलने पंधरा दिवसांची रजा टाकली आहे, तो तिथेच राहील. पोरीला तो सांभाळेल, तू झोपशील. दर आठवड्याला दोघं मिळून रामदासपेठेला जाल, त्याचाही नंबर लावला आहे. इकडे परत यायचं की नाही, कधी यायचं, ते तू ठरवशील. तुझी सासू म्हणाली तर नाही, पण डिंकाच्या लाडवांचा डबा तिने रिकामा करून माळ्यावर टाकला, आणि आज सकाळी शेजारणीला विचारत होती की झोप येण्यासाठी बाळंतिणीला खोली कोणती बरी, रस्त्याकडची की मागची.

सोबत एक वेगळा कागद आहे. त्यावर त्या बुधवारचं चार ओळींत लिहून खाली सही केली आहे, सुशीलनेही केली आहे. उशाशी ठेव. आजार आहे, कधी पुन्हा वर काढेल आणि मन पुन्हा तुला सांगेल की तू टाकून गेली होतीस. तेव्हा मनाचं ऐकू नकोस, कागद वाच.

मनोहरराव


सोमवार, ९ डिसेंबर

श्वेता,

हे शेवटचं पत्र. यापुढे तुला माझ्याशी बोलायचं असेल तर तू बोल, नसेल तर मी पत्रं धाडून तुला त्रास देणार नाही.

काल तुमच्या अंगणात मी खुर्चीवर बसलो होतो. मागच्या खोलीत कापूस भरलेला, दारापर्यंत आलेला. भैरवी माझ्या मांडीवर. सुशील पिशव्या उतरवत होता. तू बाहेर आलीस. किती वाळलीस! तू पोरीसमोर बसलीस आणि हात पुढे केलेस. तिने तुझ्याकडे बघितलं, आणि माझ्या सदऱ्यात तोंड लपवून रडायला लागली.

तुझी आत्या म्हणाली, "ओळख नाही राहिली तिले." ते ऐकून तुझा चेहरा जसा झाला तसा मी कुणाचाच कधी बघितला नाही. मला वाटलं, आता तू आत निघून जाशील. मी पोरीची पाठ थोपटायला लागलो. खरं सांगतो, ती मला धरून होती याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. माणूस किती वाईट असतो ते बघ.

तू गेली नाहीस. माझ्या हातातून तिला उचललंस. ती धनुष्यासारखी मागे वाकली, माझ्याकडे हात केले, किंचाळली. माझेही हात सवयीने पुढे गेले. तेव्हा अडीच महिन्यांत पहिल्यांदा तू माझ्याशी बोललीस.

"तुमी जा, मामाजी. रडू द्या तिले. मी हाय."

मी चहा न घेता निघालो. रस्त्याच्या वळणापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. मागे वळावं असं पावलोपावली वाटत होतं. वळलो नाही. स्टँडवर नत्थूने विचारलं, "साहेब, का झालं?" मी नागपूरचं तिकीट मागितलं.

एकदा तू मला साक्ष विचारलीस आणि मी फरशीकडे बघितलं. आता कुणी विचारायच्या आधीच लिहून ठेवतो. रविवार, आठ डिसेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सावनेरला, रुपरावांच्या अंगणात, श्वेताने आपली मुलगी माझ्या हातातून घेतली. मुलगी खूप रडत होती. श्वेताने मुलीला सोडलं नाही. मी समोर होतो.

मनोहरराव